चिठ्ठीवर एक ओळ वाढवा : नागपुरातल्या फॅमिली डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर,

मी ३१ वर्षं लॅबमध्ये रक्त-लघवी तपासली. आधी महालात, मग धंतोलीत. दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. तुमच्यापैकी कितीतरी जणांच्या चिठ्ठ्या माझ्या हातून गेल्या. अक्षर पाहून डॉक्टर ओळखावेत इतकी त्यांची सवय झाली होती. कोण नेहमी थायरॉईड लिहितात, कोण शुगरसोबत लिपिड मागतात, कोण पेशंटची परिस्थिती ओळखून आवश्यक तेवढंच मागवतात, हे आम्हाला टेबलाच्या अलीकडून कळत असतं. म्हणून हे पत्र तक्रारीचं समजू नका. ते तुमच्या चिठ्ठीबद्दल आहे, आणि त्या चिठ्ठीवर मला एक ओळ वाढवून हवी आहे.

ज्या पेशंटच्या पोटाचा घेर वाढलेला आहे, त्याच्या चिठ्ठीवर ‘युरीन एसीआर’ लिहा. म्हणजे लघवीतलं अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) आणि क्रिएटिनिन (स्नायूंतून येणारा, किडनीने बाहेर टाकायचा कचरा) यांचं गुणोत्तर. शुगर नसली तरी लिहा, रक्तातलं क्रिएटिनिन नॉर्मल असलं तरी लिहा. किडनीची झीज वेळेत कळावी म्हणून माझं मागणं एवढंच आहे. पुढचं सगळं ते का, यासाठी आहे. त्यातलं बरंचसं तुम्ही शिकलेलं आहे, पण हे पत्र तुमच्या वेटिंगमध्ये बाकावर बसलेली माणसंही वाचणार आहेत, म्हणून ते मी त्यांना कळेल असं लिहिते.

माझ्या धाकट्या भावापासून सुरुवात करते. इतवारीत त्याचं किराण्याचं दुकान आहे. सकाळी नऊपासून रात्री नऊपर्यंत गल्ल्यावर बसून. उंची १७० सेंटिमीटर, वजन १०४ किलो. मधुमेह नाही. चाळिशीत बीपीची गोळी सुरू झाली, तेव्हापासून वर्षातून एकदा तपासण्या होत. चाळिसाव्या वर्षी त्याचं क्रिएटिनिन ०.८ होतं. चव्वेचाळिसाव्या वर्षी १.०. दोन्ही वेळा रिपोर्टवर शेजारी ‘नॉर्मल’ची मर्यादा छापलेली आणि आकडा तिच्या आत. त्याच चव्वेचाळिसाव्या वर्षी एकदा युरीन रूटीन झालं होतं, त्यात ‘प्रोटीन : ट्रेस’, म्हणजे अगदी पुसट खूण, असं आलं. मे महिना होता. घरात सगळे म्हणाले, उन्हाने झालं असेल, पाणी कमी पडलं असेल. मीही तेच म्हणाले. मी, जिने हजारो स्ट्रिपा लघवीत बुडवून रंग वाचले होते.

पुढची चार वर्षं त्याच्या चिठ्ठीवर लघवी आलीच नाही. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी हर्नियाचं ऑपरेशन ठरलं, त्याआधीच्या तपासण्यांत स्ट्रिपवर तीन प्लस. चोवीस तासांची लघवी गोळा केली, तर दिवसाला ३.८ ग्रॅम प्रोटीन बाहेर जात होतं. क्रिएटिनिन १.६. त्याच्या वयाच्या हिशेबाने किडनीची गाळण्याची क्षमता ५३ वर आलेली. पायाला सूज नाही, चेहरा सुजलेला नाही, रक्तातलं अल्ब्युमिन ४.०, म्हणजे नॉर्मल. त्याचा तर विश्वासच बसेना. “काही होऊन तर नाही राहिलं ना ताई मला, मग कायची किडनी?” असं तो मला विचारत होता.

त्याच्या प्रश्नाचं उत्तर बायोप्सीत मिळालं. किडनीतल्या गाळण्या, म्हणजे ग्लोमेरुलस, नेहमीपेक्षा कितीतरी मोठ्या झालेल्या आणि काही जागी त्यांच्यावर वण पडलेले. लठ्ठपणाशी निगडित ग्लोमेरुलोपॅथी. या आजाराची खूण अशी, की लघवीतून प्रोटीन खूप जातं, तरी रक्तातलं अल्ब्युमिन फारसं उतरत नाही आणि बहुतेकांना सूज येत नाही. एवढं प्रोटीन जाणाऱ्या इतर किडनीविकारांत माणूस बहुधा सुजलेला चेहरा घेऊन तुमच्याकडे येतो. हा येत नाही. तो हर्नियासाठी येतो, गुडघ्यासाठी येतो, विमा काढायचा म्हणून येतो.

हा काही नवा शोध नाही. अतिलठ्ठ माणसांच्या लघवीत भरपूर प्रोटीन जातं, असं वर्णन १९७४ साली छापून आलं. पुढे २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या पॅथॉलॉजिस्टांनी १९८६ ते २००० या पंधरा वर्षांतल्या ६,८१८ किडनी बायोप्सी चाळल्या. पहिल्या पाच वर्षांत या आजाराचं प्रमाण ०.२ टक्के होतं, शेवटच्या पाच वर्षांत २ टक्के. पंधरा वर्षांत दहापट. त्यांनी गाळण्यांचा व्यासही मोजला : सामान्य माणसात सरासरी १६८ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), या रुग्णांत २२६. व्यासाचा फरक डोळ्यात भरत नाही, पण आकारमानाचा हिशेब केला तर गाळणी जवळजवळ अडीचपट फुगलेली निघते.

ती का फुगते, हे मला निवृत्तीनंतर वाचायला वेळ मिळाला तेव्हा नीट समजलं.

शरीर वाढलं तरी गाळण्यांची संख्या वाढत नाही. जन्माच्या आधी, साधारण छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत, जेवढ्या तयार झाल्या तेवढ्याच आयुष्यभर. एका किडनीत सरासरी दहा लाख, पण माणसामाणसात यात मोठा फरक असतो. १०४ किलोच्या शरीराचं काम ६५ किलोच्या शरीराएवढ्याच गाळण्यांना करावं लागतं, म्हणून प्रत्येक गाळणी जास्त रक्त ओढून घेते आणि जास्त गाळते. यात चरबी आणखी भर घालते. चरबी ही नुसती साठवणीची कोठी नाही, ती स्वतः संप्रेरकं सोडणारी ग्रंथी आहे. रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनचा कच्चा माल ती बनवते. अँजिओटेन्सिन गाळणीतून बाहेर पडणारी रक्तवाहिनी आवळतं. तिकडे मूत्रनलिकेच्या सुरुवातीच्या भागात मीठ जास्त शोषलं जातं, त्यामुळे पुढे मिठाची मोजणी करणाऱ्या पेशींपर्यंत मीठ कमी पोचतं. त्या पेशींचा समज होतो की गाळणं कमी पडतंय, आणि त्या आत येणारी रक्तवाहिनी सैल करायला सांगतात. येणारा रस्ता मोकळा, जाणारा आवळलेला. मधल्या गाळणीत दाब चढत जातो.

या दाबाखाली पहिल्यांदा झिजते ती पोडोसाइट नावाची पेशी. गाळणीच्या केशवाहिन्यांना बाहेरून ती आपल्या बारीक पायांनी वेढून असते, दोन पेशींचे पाय एकमेकांत बोटांसारखे गुंतलेले असतात आणि त्यांच्या मधल्या फटींतून पाणी गळतं, प्रोटीन अडतं. नागपूरकराला हे वाळ्याच्या ताटीवरून चटकन समजेल. कूलरच्या ताटीत ठरावीक वाळा भरलेला असतो. तेवढाच वाळा मोठ्या चौकटीत ताणून बसवला, तर मधूनमधून उजेड दिसायला लागतो आणि त्या जागेतून गरम हवा सरळ आत येते. पोडोसाइटचं तसंच होतं. गाळणी फुगते, पण पोडोसाइट विभागून आपली संख्या वाढवू शकत नाही. ती आधी स्वतः ताणून मोठी होते, मग पाय सपाट होतात, आणि शेवटी ती सुटून लघवीत वाहून जाते. तिची जागा उघडी पडली की तिथे वण धरतो. ताटी आपण दर उन्हाळ्यात बदलतो. ही बदलता येत नाही.

ताण हा झाला एक भाग. चरबीकडून येणारे रासायनिक निरोप हा दुसरा, आणि मला तो जास्त विचार करायला लावणारा वाटतो. निरोगी चरबी अ‍ॅडिपोनेक्टिन नावाचं एक संरक्षक द्रव्य सोडते, पण माणूस जितका लठ्ठ होतो तितकं ते रक्तात कमी होतं. किडनीचे संशोधक कुमार शर्मा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली उंदरांवर दाखवलं, की अ‍ॅडिपोनेक्टिन नसलेल्या उंदरांच्या लघवीत अल्ब्युमिन जास्त जातं आणि पोडोसाइटचे पाय एकमेकांत विरघळल्यासारखे होतात. ते द्रव्य बाहेरून दिलं, तर अल्ब्युमिन कमी होतं आणि पाय पूर्ववत होतात. म्हणजे पोडोसाइटला नुसता दाब मारत नाही, तिचा आधारही काढून घेतला जातो. याच्या उलट लेप्टिन, चरबीचंच दुसरं संप्रेरक. ते चरबीसोबत वाढतं, आणि गाळणीतल्या पेशींना वण धरणारं कोलॅजन तयार करायला उद्युक्त करतं. शिवाय रक्तात सुटलेली चरबी पोडोसाइट आणि मूत्रनलिकेच्या पेशींमध्ये साठत जाते. नलिकेच्या पेशी मुळात चरबी जाळूनच आपलं काम चालवतात. पण जाळण्याच्या पलीकडे चरबी आली की त्यांची ऊर्जाकेंद्रं, मायटोकॉन्ड्रिया, बिघडतात आणि पेशी मरू लागतात. ‘फॅटी लिव्हर’ हा शब्द आता तुमच्या प्रत्येक सोनोग्राफीच्या रिपोर्टवर असतो, पेशंटलाही पाठ झाला आहे. किडनीतही तसंच काही चाललेलं असतं, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही.

एवढं सगळं चालू असताना रक्तातलं क्रिएटिनिन काय सांगतं? काही नाही. हे मला कळवळून सांगायचं आहे, कारण आमच्या लॅबने छापलेल्या ‘नॉर्मल’ या शब्दाने कितीतरी घरांना निर्धास्त केलं आहे. निम्म्याच्या आसपास क्षमता गेल्यावरच क्रिएटिनिन मर्यादेबाहेर पडतं. लठ्ठ माणसात तर फसवणूक दुहेरी होते. रिपोर्टवर ईजीएफआर म्हणून, म्हणजे किडनीच्या गाळण्याच्या क्षमतेचा अंदाज म्हणून, जो आकडा येतो, तो १.७३ चौरस मीटर शरीरपृष्ठाच्या माणसासाठी बसवलेला असतो. हे १.७३ १९२० च्या दशकातल्या अमेरिकी शरीरांवरून आलं. माझ्या भावाचं शरीरपृष्ठ भरतं २.२ चौरस मीटर. चाळिसाव्या वर्षी त्याचा ईजीएफआर ११५ दिसत होता, पण त्याच्या खऱ्या शरीराला लावला तर तो मिनिटाला १४६ मिलिलिटर होता. गाळण्या तेव्हाच क्षमतेपलीकडे पळत होत्या, कागद मात्र नॉर्मल म्हणत होता. चव्वेचाळिसाव्या वर्षी ९५ झाला. वीस गुण उतरला, तरीही नॉर्मल. धावणारा दमून सामान्य चालीवर आला आणि आपण त्याला धडधाकट समजलो. चार वर्षांचे कागद शेजारी ठेवून मी हे परत परत पाहिलं आहे. ०.८ ते १.० या प्रवासात कोणतीही लाल खूण नाही.

लघवी मात्र तेव्हाच बोलत होती. तिचं म्हणणं ऐकायला योग्य तपासणी हवी होती.

इथे मला माझ्या कामाचं थोडं सांगू द्या. मी लागले तेव्हा लघवी टेस्ट ट्यूबमध्ये घेऊन वरचा भाग स्पिरिटच्या दिव्यावर तापवायचो. गढूळ झाली की असेटिक अ‍ॅसिडचे दोन-तीन थेंब टाकायचे. गढूळपणा विरला तर फॉस्फेट, राहिला तर प्रोटीन. पुढे स्ट्रिपा आल्या, काम एका मिनिटाचं झालं. पण स्ट्रिपचीही हद्द आहे. एक प्लस म्हणजे साधारण लिटरला ३०० मिलिग्रॅम. एसीआरमध्ये धोक्याची रेषा सुरू होते ग्रॅमला ३० मिलिग्रॅमवर. म्हणजे स्ट्रिप ठळक बोलायला लागते त्याच्या दहापट आधी एसीआर कुजबुजत असतो. ३० ते ३०० हा सगळा टप्पा, ज्यात अजून पुष्कळ काही वाचवता येतं, स्ट्रिपवर ‘निल’ किंवा ‘ट्रेस’ म्हणून निघून जातो.

आणि नागपूरच्या उन्हाळ्याचं काय, हा माझ्याच घरातला प्रश्न. २३ मे २०१३ ला आपल्या शहरात पारा ४७.९ वर गेला होता. दरवर्षी तेवढा जात नसला तरी एप्रिल ते जून आमच्याकडे येणारी लघवी गडद, घट्ट असते. घट्ट लघवीत स्ट्रिप उगाच ‘ट्रेस’ दाखवू शकते, हे खरं. आणि डिसेंबरात भरपूर पाणी पिऊन आलेल्याच्या पातळ लघवीत खरं प्रोटीनही लपतं. एसीआरमध्ये हा प्रश्न उरत नाही, कारण त्यातलं क्रिएटिनिनही त्याच पाण्यात घट्ट किंवा पातळ झालेलं असतं, आणि भागाकारात ऊन कटून जातं. भावाच्या त्या ‘ट्रेस’नंतर कोणी एसीआर लिहिला असता, तर उन्हाचं निमित्त दोन दिवसांत निकालात निघालं असतं. ते लिहिणारी मीही असू शकले असते. आमच्या लॅबच्या फ्रिजमध्ये त्या तपासणीचा रिएजंट, म्हणजे लागणारं रसायन, होता.

सॅम्पल कसं घ्यायचं तेही लिहून ठेवते, कारण चुकीच्या सॅम्पलमुळे चांगली तपासणी बदनाम होते. सकाळची पहिली लघवी उत्तम. धार सुरू झाल्यावर मधली घ्यायची. ताप असेल, लघवीत जळजळ असेल, पाळी चालू असेल, आदल्या दिवशी जबर व्यायाम किंवा लांबची पायपीट झाली असेल, तर थांबायचं. एकदा ३० च्या वर आला म्हणून पेशंटला आजारी ठरवायचं नाही. तीन ते सहा महिन्यांत तीनदा पाहून त्यातल्या दोनदा वर राहिला, तर मात्र तो खरा. चोवीस तास लघवी डब्यात साठवायची गरज बहुतेकांना नाही. आमच्याकडे येणारे निम्मे डबे अर्धवट भरलेले असत, बायका तर लाजेने नीट सांगतही नसत.

कोणाची करायची? इथे मी वजनकाट्यापेक्षा टेपवर भर देईन. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर, बाईची ८० च्या वर, की चिठ्ठीवर ओळ. भारतीयांसाठी लठ्ठपणा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २५ ला धरतात, पण आपल्या माणसाला बीएमआयही चकवतो. पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच फोटो छापले होते. दोघांचा बीएमआय सारखा, २२.३. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दिसायला बारीक, आतून चरबीदार. त्यात जन्मतः वजन कमी असेल, तर गाळण्याही कमी मिळालेल्या असतात. कमी गाळण्या घेऊन जन्मलेलं मूल चाळिशीत पोट सुटलेला माणूस होतं, तेव्हा त्याच्या प्रत्येक गाळणीवरचा बोजा किती असेल याचा विचार करा. हे आपल्या विदर्भातल्या खेड्यांतून शहरात आलेल्या, बसून काम करणाऱ्या पिढीचंच वर्णन आहे. १०४ किलोची माणसं तुम्ही ओळखता. मला काळजी ७६ किलोच्या, बेल्टवर पोट आलेल्या माणसाची जास्त वाटते.

आशाताईंच्या हातात ही टेप आधीच आहे. तिशीपुढच्या लोकांसाठी त्या घरोघरी जो फॉर्म भरतात, त्यात कंबरेच्या मापाला गुण आहेत. म्हणजे वस्तीतल्या बाईला कंबर मोजून घेता येते आणि पुढे पाठवता येतं. तिला पाठवलं की ती तुमच्यासारख्याच कोणा डॉक्टरपुढे येते. तिथून पुढे लघवीची बाटली तिच्या हातात पडावी.

तुमच्या अडचणी मला दिसत नाहीत असं नाही. संध्याकाळच्या ओपीडीत चाळीस पेशंट, बाहेर गाड्यांना जागा नाही, आणि प्रत्येकाला दोन मिनिटांत सर्दीची गोळी हवी. त्यात नवी तपासणी लिहिली की पेशंट काय म्हणेल याचीही धास्ती असते. “लॅबवाल्याशी सेटिंग असेल” हे वाक्य मी काउंटरवर कित्येकदा ऐकलं आहे. हा संशय आपल्या व्यवसायात उगाच जन्मला नाही, आणि त्याची किंमत प्रामाणिक डॉक्टरांनी मोजली. म्हणून एक सुचवते. पॅकेजच्या नावाखाली व्हिटॅमिनांपासून सगळं मागवणं बंद करा, आणि त्याजागी काही शे रुपयांची ही एक तपासणी लिहा. चिठ्ठी छोटी झालेली पेशंटला दिसते. ज्याला तेवढेही परवडत नाहीत त्याला मेडिकल, मेयो किंवा एम्स या सरकारी रुग्णालयांत पाठवा, पण काय तपासायचं ते चिठ्ठीवर स्पष्ट लिहून. नुसतं ‘किडनीसाठी पाठवत आहे’ असं लिहिलं, की रांगेत दिवस जातो आणि हाती पुन्हा क्रिएटिनिनच येतं.

एक प्रश्न एका डॉक्टरांनी मला थेट विचारला होता : सापडलं तर करायचं काय, वजन कमी करा हे तर मी आधीपासूनच सांगतोय. मला हा प्रश्न मोलाचा वाटतो, कारण त्याचं उत्तर बदललं आहे.

आधी वजनाचंच घ्या. २००३ साली स्पेनमधल्या एका अभ्यासात, लघवीतून प्रोटीन जाणाऱ्या जाड रुग्णांना पाच महिने कमी कॅलरीचा आहार दिला. वजन सरासरी फक्त ४.१ टक्के उतरलं, प्रोटीन ३१ टक्के. १०४ किलोच्या माणसासाठी हे चार-सव्वाचार किलो झाले. आपण पेशंटला ‘तीस किलो कमी करा’ म्हणतो, तो मान हलवतो आणि दाराबाहेर पडताच तो विचार सोडून देतो, कारण तीस किलो त्याच्या आवाक्यात नसतात. चार किलो असतात. आणि त्या चार किलोंचं फळ त्याला आरशात दिसलं नाही तरी एसीआरच्या कागदावर दिसतं. माझ्या भावाला फुटाळा तलावावर रोज चालायला कोणत्याही भाषणाने नेलं नाही. दुसऱ्या रिपोर्टवरचा उतरलेला आकडा पाहून तो गेला.

मग औषधं. टेल्मिसार्टनसारखी गोळी आवळलेला तो बाहेरचा रस्ता सैल करते, हे तुम्ही बीपीसाठी रोज लिहिता. डॅपाग्लिफ्लोझिन, मुळात मधुमेहाची गोळी, नलिकेतलं मीठ-साखरेचं शोषण अडवतं, त्यामुळे मीठ मोजणाऱ्या पेशींपर्यंत पुन्हा मीठ पोचतं आणि आत येणारा रस्ता आवळला जातो. वर सांगितलेली सगळी यंत्रणा उलटी फिरते. २०२० च्या डॅपा-सीकेडी चाचणीत मधुमेह नसलेले रुग्णही होते, आणि किडनी खालावण्याचा व संबंधित मृत्यूचा एकत्रित धोका ३९ टक्क्यांनी कमी झाला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे या औषधाचं पेटंट संपलं आणि स्वस्त गोळ्या बाजारात आल्या. शुगर आणि वजन उतरवणाऱ्या सेमाग्लुटाइडने मधुमेह आणि किडनीविकार दोन्ही असलेल्यांत २०२४ च्या फ्लो चाचणीत असाच धोका २४ टक्क्यांनी घटवला. कोणाला काय द्यायचं ते तुम्ही आणि किडनीचे डॉक्टर ठरवाल, तो माझा प्रांत नाही. माझं म्हणणं एवढंच की सापडल्यावर हात बांधलेले असण्याचे दिवस गेले. मात्र ही सगळी औषधं ज्या पोडोसाइट उरल्या आहेत त्यांनाच राखतात. वाहून गेलेल्या परत आणत नाहीत.

आणखी एक विनंती, ओघात आली म्हणून. जड शरीराचे गुडघे दुखतात. गुडघेदुखीसाठी आपली माणसं औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन स्वतःच आणतात आणि महिनोन्महिने खातात. त्यात बीपीची गोळी, त्यात मे महिना आणि अंगातलं आटलेलं पाणी. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्यावर चांगल्या किडनीलाही काही दिवसांत दणका बसू शकतो. एसीआर वाढलेल्या माणसाला तुम्ही पहिल्यांदा विचारायचा प्रश्न हाच असावा : दुखण्यासाठी काय घेता? “काही नाही” म्हणाला, तर खिशातली पट्टी दाखवायला सांगा. मी काउंटरवर विचारायची तेव्हा निम्म्या वेळा पट्टी निघायची.

भावाचं आज कसं आहे ते सांगते. वजन ९३ वर आहे. दिवसाचं प्रोटीन ३.८ ग्रॅमवरून १.१ वर आलं आहे. क्रिएटिनिन १.७ वर दोन वर्षं थांबलेलं आहे. दुकानात आता तो दर तासाने उठून गोदामापर्यंत चक्कर मारतो, नोकराला मुद्दाम पाठवत नाही. पण १.७ हे १.० होणार नाही, हे मला ठाऊक आहे आणि आता त्यालाही. पुढचं प्रत्येक वर्ष त्या आकड्याकडे बघत काढायचं आहे. आठवड्यातून तीनदा, दर खेपेला चार तास डायलिसिसच्या खुर्चीत बसणारी माणसं त्याने सुपर स्पेशालिटी हॉस्पिटलच्या बाहेर पाहिली. त्या दिवशी घरी येऊन तो जेवला नाही.

म्हणून मी तुमच्याकडे येते आहे. माझ्याकडे वेळ आहे आणि हात अजून स्थिर आहेत. तुमच्या दवाखान्यातल्या कंपाउंडरला, रिसेप्शनवरच्या मुलीला कंबर नीट कुठे मोजायची, म्हणजे शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडल्यावर, कपडा बाजूला करून, आणि बाटली देताना पेशंटला काय सांगायचं, हे मी येऊन शिकवीन. अर्ध्या तासाचं काम आहे. महाल, इतवारी, सक्करदरा, नंदनवन, जरीपटका, कुठेही येईन. पैसे नकोत. बाटल्यांवर लावायच्या पट्टीचा मराठी आणि हिंदी मजकूर मी लिहून ठेवला आहे : सकाळची पहिली, मधली धार, पाळीत नको, तापात नको. तो दवाखान्याच्या नावाशिवाय छापता येईल.

उद्या सकाळी तुमच्यासमोर पहिला पोट सुटलेला पेशंट बसेल, बीपी मोजून होईल, आणि तुम्ही पॅड ओढाल. तेव्हा शुगरच्या खाली ती ओळ लिहा.

आपली नम्र,
एक निवृत्त लॅब टेक्निशियन, नागपूर